मामाची ड्रॅगलाइन

आमच्या घरात एखाद्या दिवशी मीठ संपलं असेल, राग कधी संपला नाही. आबांचा राग हातात होता, आईचा जिभेवर, आणि माझा दोघांकडून आलेला म्हणून दोन्हीकडे. शिरूरच्या आमच्या दोन खोल्यांत भांडं आपटल्याशिवाय दिवस मावळला तर शेजारीण दारात येऊन विचारायची, "समदी गावाला गेलती व्हय?"

आबा ड्रॅगलाइनवर ऑपरेटर होते. बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आगेमागे घोड नदीच्या बाजूला कालव्याचं खोदकाम चालू होतं, तिथे एका ठेकेदाराचं ते मशीन होतं. दोन मजली घराएवढी केबिन, तिच्यापुढे लांबलचक लोखंडी बूम, आणि बूमच्या टोकाला वायररोपवर लटकलेली दातांची बकेट. ती लांब फेकायची, जमिनीवरून ओढत आणायची, भरली की वर उचलायची. ऑपरेटरच्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की रोपच्या ड्रमभोवतीचा ब्रेकचा पट्टा आवळतो आणि बकेट हवेत थांबते. पट्ट्याने ड्रम धरला नाही तर ती खाली येते, मग खाली दगड असो की माणूस.

माझा मामा त्याच मशीनवर ग्रीसर होता. आईचा एकुलता एक भाऊ, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तिनेच कडेवर वाढवलेला. ग्रीसरने दिवसभर मशीनच्या पोटात शिरून ग्रीस भरायचं, रोप तपासायचे, दातांत अडकलेली माती काढायची. मामाला त्याचा कंटाळा आला होता. त्याला वर बसायचं होतं. "दाजी, येकदा लीव्हर हातात द्या," असं तो रोज म्हणायचा, आणि आबा रोज म्हणायचे, "आधी शीक."

आणि शिकवायचं म्हणून आबांनी त्याच्यासाठी घरी एक ड्रॅगलाइन केली. तुपाच्या मोठ्या डब्याची केबिन, छत्रीच्या काड्यांची बूम, चाकांच्या जागी सायकलच्या चेनचे पट्टे, शिंप्याकडच्या लाकडी रिळांचे ड्रम, सायकलच्या ब्रेकची केबल म्हणजे वायररोप. एका मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि सेल. बकेटला खिळ्यांचे दात. रिळाभोवती आबांच्या जुन्या चामडी पट्ट्याची चिंधी, तो ब्रेक. अंगणात मातीचा ढीग करून मामा तासन्‌तास त्याच्यापुढे उकिडवा बसायचा आणि लीव्हर ओढायचा. बकेट वाकडी पडली की आबा मागून त्याच्या टाळक्यात टपली मारायचे. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, आणि ते दोघं असे एका खेळण्यापुढे बसलेले बघून मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा. माझ्यासाठी आबांनी कधी भोवराही केला नव्हता.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. कालव्यावर मशीन बंद ठेवून झेंडूची तोरणं बांधायचे, नारळ फुटायचा, आणि कामगारांच्या बायका घरून ताट घेऊन यायच्या. त्या वर्षी आईही गेली. मशीनची जागा न्‌ जागा तिने हळदकुंकवाने भरून काढली, तेल-शेंदूर लावला, आणि रिकामी वाटी पदराने पुसत खाली उतरली. तेवढ्यात मामाने घात केला. त्याने इंजिन चालू केलं आणि आबांच्या सीटवर जाऊन बसला. खंडेनवमीला! शंभर माणसं बघत होती. आबांनी त्याला दंडाला धरून खाली ओढला आणि दोन थोबाडात दिल्या. मामाच्या ओठातून रक्त आलं. त्याने आबांची गचांडी धरली, आबांनी त्याला मातीत लोळवला आणि छातीवर गुडघा दिला. "पुन्ना सीटवर चढलास तर जित्ता ठेवायचो न्हाई!" हे सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, मशीन चालू झालं. आबांनी बकेट पुरुषभर उंच उचलली आणि पेडल दाबलं. बकेटच्या दातांना बांधलेलं तोरण एका बाजूने सुटून लोंबत होतं. ते नीट बांधायला मामा खाली गेला. आणि बकेट सुटली.

मी तिथे नव्हतो. जे होते त्यांनी सांगितलं की आवाजसुद्धा झाला नाही, माती मऊ होती. माणसं ओरडत बकेटकडे पळाली. आबा मात्र पळाले नाहीत. ते केबिनमधून उतरून मागे ड्रमपाशी गेले आणि टॉवेलाने ड्रम पुसायला लागले. मामाचे पाय बकेटखालून बाहेर दिसत होते आणि आबा ड्रम पुसत होते. आधी घसाघसा टॉवेलाने, मग मातीने, मग पुन्हा टॉवेलाने. हे दहा जणांनी बघितलं आणि दहाही जणांनी आईला येऊन सांगितलं.

चौकशी झाली. मशीन जुनं, ब्रेक सुटला, अपघात, असं लिहून साहेब निघून गेले. आबांना कामावरून काढलं. पण आईची चौकशी संपली नव्हती. प्रेत दारात आलं तेव्हा ती रडली नाही. मोरीतली धुण्याची मोगरी उचलून ती अंगणात गेली आणि मामाच्या त्या ड्रॅगलाइनवर तुटून पडली. बूम मोडली, रिळं उडाली, डबा चेपला, तरी ती मारतच होती. मी मागून तिला धरली तर मोगरीचा एक फटका मला बसला. कपाळावरची खूण अजून आहे. तिने एवढंच विचारलं, आणि तेही मला, "माजा भाऊ बकेटखाली व्हता, आन् ह्यो मानूस मशीन पुसत व्हता. काय पुसत व्हता, इचार की."

मी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही. त्यांनी तुकडे वेचले, पोत्यात भरले आणि पोतं माळ्यावर टाकलं.

त्या दिवसापासून आईने आबांशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर, पाच वर्षं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई, ती मला सांगायची, "त्या मानसाला म्हनावं, मीठ आन." आबा समोरच बसलेले असायचे. ते उठून मीठ आणायचे. ज्या माणसाने उभ्या कालव्याला दम दिला होता तो असा मान खाली घालून मिठाला जाताना बघून मला दोघांचाही संताप यायचा. आबा न्हावऱ्याकडच्या एका गुऱ्हाळावर इंजिन सांभाळायला जायला लागले, आणि मी पहिली संधी मिळताच दौंडला पळालो. तिथे रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर झालो. लोखंडाला शिव्या दिल्या तरी ते अबोला धरत नाही, म्हणून मला ते काम आवडायचं.

पाचव्या वर्षी मी शिरूरला सुट्टीवर आलो असताना स्टँडवरच्या हॉटेलात एकजण दुसऱ्याला माझी ओळख करून देत होता. "ह्यो त्याचा पोरगा. मेव्हना मारला ज्यानं." पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण त्याचे पुढचे दोन दात हलले होते. चार जणांनी मला बाहेर काढून तुडवला. रस्त्यावर पडल्या पडल्या मी ठरवलं की हे संपवायचं. ब्रेक आपोआप सुटतो, ऑपरेटरचा काही दोष नसतो, हे मी आईला डोळ्यांनी दाखवणार होतो. त्यासाठी ते मशीन पुन्हा उभं करायचं होतं.

मी तसाच घरी गेलो, माळ्यावर चढलो आणि पोतं खाली टाकलं. आबांनी बघितलं.

"काय करतोस?"

"मामाचं मशीन दुरुस्त करतोय. ब्रेक कसा सुटला त्ये दावतो आईला."

"ठिव त्ये वर."

"का?"

का-बिका काही नाही. आबांनी सरळ कानशिलात लगावली. दुसरी आली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच. ते सोडवायला बघत होते आणि मी सोडत नव्हतो, आणि आम्ही दोघं तसेच भिंतीवर आदळलो, फळीवरची भांडी खाली आली. त्यांचं मनगट माझ्या मुठीत बारीक लागलं. त्याचीच मला भीती वाटली आणि मी हात सोडला. "तुज्या पाया पडतो," आबा धापा टाकत म्हणाले, "पर त्ये पोतं सोडू नगं." मार खाऊन मी बधलो नव्हतो, तर विनवणीने काय बधणार! पोतं खांद्यावर टाकून मी दौंडची एस. टी. धरली.

आठ महिने लागले. ड्यूटी संपली की खोलीवर तेच काम. डबा मी तोच ठेवला, आईच्या मोगरीचे पोचे तसेच ठेवले, फक्त फाटलेले काठ झाळून घेतले. बाकी सगळं नवं. बूम लोखंडी पट्ट्यांची केली. ड्रम माझ्या ओळखीच्या एका टर्नरने लेथवर पितळेचे काढून दिले. मोटर मोठी घातली, गिअर घातले. ब्रेकला मात्र मी चामडं लावलं नाही. खऱ्या ब्रेकचं लायनिंग मिळवलं, त्याची पातळ पट्टी कापली आणि ड्रमभोवती बसवली. खोटं काही चालणार नव्हतं. आईची नजर सोनाराच्या काट्यापेक्षा बारीक.

मग मी ब्रेक सुटायची वाट बघत बसलो. बकेटमध्ये नटबोल्ट भरले, उचलली, पेडलाला वजन लावलं. बकेट थांबली. आणखी भरली. थांबली. एकदा चोवीस तास तशी लटकवून ठेवली, बोटभरसुद्धा खाली आली नाही. पट्टी घासून घासून झिजवली, जुन्या मशीनची असते तशी. मग बकेट सरकायची, पण हळूहळू, कुरकुरत. खालच्या माणसाला चार पावलं मागे जाऊन शिवी द्यायला वेळ मिळाला असता. मामाच्या वेळी सुटली तशी एका क्षणात सुटायची ती फक्त एका प्रकारे. मी पेडलावरून बोट उचललं की.

हे मी पन्नास वेळा करून बघितलं. पन्नासाव्या वेळी मी हातातला पाना भिंतीवर फेकला. मी आबांना सोडवायला निघालो होतो आणि माझ्याच हाताने त्यांच्याविरुद्धचा साक्षीदार बनवून बसलो होतो. पाय उचलला होता त्यांनी. रागात. आदल्या दिवशीचं भांडण, शंभर माणसांपुढे झालेली झोंबाझोंबी. म्हणून मला पोतं न्यायची बंदी. म्हणून पाया पडणं! मामाच्या टाळक्यात टपल्या मारणारा तो माणूस मला आठवला आणि अंगाची लाही लाही झाली. आता मला त्यांना सोडवायचं नव्हतं. आता मला त्यांना आईसमोर बसवायचं होतं आणि सांगायचं होतं, चालवा, दाखवा कशी सुटली.

त्यासाठी मी खंडेनवमीच निवडली. ते मुद्दाम होतं, मी नाकारत नाही. एस. टी. चा कंडक्टर म्हणाला, "ह्ये धूड टपावर टाका." मी म्हणालो, "तुलाच टाकतो टपावर." इनामगावच्या फाट्यापर्यंत आमची हमरीतुमरी चालली, शेवटी प्रवाशांनीच मध्ये पडून मला मागच्या सीटवर मशीन मांडीवर घेऊन बसू दिलं. सगळी वाट मी आबांना काय काय बोलायचं ते मनात घोकत होतो.

घरी ओसरीवर आईने हत्यारं मांडली होती. विळा, खुरपं, अडकित्ता, आबांचे जुने पाने. मी माझी हातोडी त्या ओळीत ठेवली आणि शेवटी मशीन ठेवलं. आबा आतून आले, मशीन बघितलं आणि दाराला धरून उभे राहिले. मला वाटलं होतं ते हात उचलतील.

आईने डब्याच्या पोच्यांवरून हात फिरवला. "त्येचाच हाय," ती म्हणाली.

"त्याचाच हाय, आई. आज आबा चालवून दावनार हायेत. दसऱ्याला काय झालं त्ये."

"आज चालवत न्हाईत."

"आज चालवू दे."

तिने ताट पुढे ओढलं. आधी पूजा. तिने विळ्याला, खुरप्याला, पान्यांना, हातोडीला हळदकुंकू लावलं. मग मशीनपाशी आली. डब्याला बोटाने तेल-शेंदूर लावला, बूमला लावला, बकेटच्या एकेका दाताला लावला. वाटीत थोडं तेल उरलं होतं.

"द्येवाला काढलेलं त्याल माघारी न्यायचं नसतं," ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, आणि उरलेली वाटी तिने पितळेच्या ड्रमावर उलटी केली.

"ड्रमावर नगं!"

आबा ओरडले. असा ओरडा मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. ते झेपावत खाली बसले, खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि ड्रम पुसायला लागले. घसाघसा. तेल पट्टीत मुरत होतं आणि ते पुसत होते.

आई मागे सरली. तिचा चेहरा दगडासारखा झाला. "बघ," ती मला म्हणाली. "आजबी पुसतोय. तवाबी असाच पुसत व्हता."

माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. आठ महिने मी पट्टी कोरडी ठेवून बसलो होतो. पट्टीला तेल लागू नये हे फिटरला कुणी शिकवावं लागत नाही, म्हणून ते करून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते फक्त पूजा करणाऱ्या बाईच्या डोक्यात येणार. कालव्यावरून ती रिकामी वाटी पुसत उतरली होती. आबा आणि मामा खाली मारामारी करत होते आणि वर ड्रम तेल पीत होता. तेल मुरलेली पट्टी क्षणभर धरते आणि मग एकदम सोडते. दसऱ्याच्या सकाळी बकेट सुटल्यावर आबांनी मागे जाऊन बघितलं असणार, लाल शेंदूर आणि तेल, आणि ते कुणाच्या हातचं हे त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. भाऊ गेलेली बाई. कडेवर वाढवलेला भाऊ. म्हणून ते बकेटकडे पळाले नाहीत. तिकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, इकडे होतं.

"त्या मानसाला सांग," आई म्हणाली, "चालव म्हनावं. उचल म्हनावं बकेट. मला बघायचंय."

आबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून.

आता बकेट उचलली असती तर ती सुटणारच होती. पेडल घट्ट दाबलेलं असताना, आईच्या डोळ्यांदेखत. आबा निर्दोष ठरले असते. आणि आईची नजर बारीक होती हे मी सांगितलंच आहे. तिने ओला ड्रम बघितला असता, मग हातातली वाटी बघितली असती.

"चालव म्हनावं की!" आई किंचाळली. "का हात कापत्यात आता?"

तिचा हात स्वतःच स्विचकडे गेला. मी ओळीतली माझी हातोडी उचलली, हळदकुंकवासकट, खंडेनवमीला, आणि मशीनवर घातली. पहिला घाव ड्रमवर. मग मोटरवर, बूमवर, डब्यावर. पितळ वाकलं, गिअर अंगणात उडाले, एक दात माझ्या हनुवटीत शिरला. आई ओरडत होती, शेजारीपाजारी धावत आले, आणि मी मारत होतो. आयुष्यात मी कितीतरी वस्तू आणि माणसं रागाने झोडपली, पण त्या दिवशी मला राग आलेला नव्हता. मी रडत होतो. ते कुणाला दिसू नये म्हणून मी जोरात मारत होतो.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. भाऊ कशाने गेला हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आबा तर तिच्या आधीच गेले. आम्ही बापलेक त्या विषयावर कधी एक शब्द बोललो नाही.

हातोडी माझ्या हातातून सुटली तेव्हा ओसरीवर शेंदूर आणि लोखंड सगळीकडे पसरलं होतं. आई त्या ढिगाकडे बघत होती, माझ्या हनुवटीवरच्या रक्ताकडे बघत होती. मग ती वळली, माझ्याकडे नाही, आबांकडे. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"पोरगं तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली.

आबा अजून जमिनीवरच बसले होते, तेलकट टॉवेल हातात.

"व्हय," ते म्हणाले. "माज्यावरच गेलंय."

आई वाटी घासायला मोरीवर गेली. आम्ही दोघं खाली बसून तुकडे वेचायला लागलो. ड्रम आबांनी उचलला आणि टॉवेलात गुंडाळून आपल्याजवळ ठेवला.